बर्फाच्या पाण्यात हात

तार्तूच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
उर्वे बादलीत बर्फ ओतते.
बाहेर उणे अठरा. तरी बर्फ यंत्रातलाच लागतो,
मोजून घेतलेला.

हिल्लार विजार गुडघ्यापर्यंत दुमडतो.
पेइप्सी तळ्यावर चाळीस हिवाळे
भोकाशी बसून मासे ओढताना
बर्फाला टेकलेली ही नडगी.
तिच्यावर ती बोराएवढा दिवा चिकटवते.
उजेड कातडीखाली उतरतो, हाडात शिरतो,
रक्ताची खबर घेऊन परततो.

"डावा हात. मनगटापर्यंत."

हिल्लार हसतो. ह्याला काय गार म्हणायचं?
पडद्यावरची रेघ मात्र खाली झुकते.
हात इथे, नडगी तिथे,
मध्ये अख्खा माणूस,
आणि कुणीतरी वर्दी घेऊन
कण्यातून धावत खाली गेलेलं,
पाटकऱ्यासारखं
मज्जेच्या वाफ्यांचं पाणी तोडून आलेलं.

थंडी हाडात शिरली म्हणतो आपण.
ती शिरत नाही.
आत फक्त निरोप जातो,
आणि हाड आपणहून दार लोटून घेतं.

साडेदहाला तावेत. वय एकोणतीस.
खुर्चीची चाकं अजून ओली, बर्फाची.
छप्परावरून पडला, दोन वर्षं झाली;
छातीमागचा पाचवा मणका.
तेव्हापासून त्याच्या नडग्यांचं हाड
आतून विरत चाललंय,
धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं.

तो हात बुडवतो. शिवी हासडतो.
डोळ्यांत पाणी येतं.
रेघ चालत राहते, जशी होती तशी.

"म्हणजे चांगलंच ना? रक्त कमी झालं नाही."

उर्वे पेनाचं टोपण काढते, लावते.
"त्याला कळलंच नाही," ती म्हणते.
"हात दुखतोय, हे."

तावेत बराच वेळ नडगीकडे पाहतो,
लांबच्या गावी राहणाऱ्या भावाकडे
पाहावं तसा.
मग पाण्यातून हात काढतो,
लाल, ठिबकणारा,
आणि दिव्याशेजारी हाडावर ठेवतो.

रेघ ताडकन उसळते.

नियम असा की तेवढा तुकडा वगळायचा.
उर्वे वहीत लिहिते:
दहा वाजून बावन्न मिनिटं. स्पर्शामुळे बिघाड.
हात काढा, असं मात्र ती
लगेच म्हणत नाही.