पावशेर रेल्वेचं

गावाचं नाव मोहघाट.
स्टेशनच्या पाटीवर मोघट.
रंगाऱ्याचा डबा संपला होता, असं गोसाई मास्तर सांगत;
साहेबाला 'ह' म्हणता येत नव्हता, असं बाकीचे.
सातबाऱ्यावर ह आहे, तिकिटावर नाही.
माझ्या आत्याची पहिली वरात यातच गेली:
जंक्शनवर तासभर मोहघाटचं तिकीट मागत राहिली,
बाबू म्हणाला, असं स्टेशनच नाही.

लहान गाडी नदीपर्यंत यायची.
पुढे पूल होणार होता.
वैनगंगेत तीन खांब उभे राहिले,
चौथ्याच्या वेळी विलायतेत लढाई लागली
आणि लोखंड तिकडे गेलं.
खांब अजून आहेत,
पाणकावळे पंख वाळवत बसतात त्यांच्यावर.

पूल झाला असता तर आम्ही झालो नसतो.
गाडी शिट्टी मारून पलीकडे गेली असती,
मागे चार झोपड्या, एक मोहाचं झाड.
पण ती थांबली, म्हणून सगळंच थांबलं:
पलीकडचा तेंदूपत्ता, डिंक, बांबू,
इकडचं मीठ, घासलेट, पोपटी छिटाचं कापड,
आणि मधल्या पाण्यावर ढीवरांचे डोंगे.
कवडू मारबतेच्या आज्याने
न झालेल्या पुलाच्या जिवावर
चार मुली उजवल्या.

पॉइंट्समन अप्पलस्वामी
विजयनगरमच्या बाजूचा,
मराठी शिकला ती डोंग्यावरच्या शिव्यांपासून.
मोठ्या पुराच्या रात्री कंदील विझले,
काठ कुठे आणि नदी कुठे ते कळेना,
तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर टांगलेला रुळाचा तुकडा
बडवत राहिला. रात्रभर.
त्या आवाजाला धरून सतरा डोंगे आले,
एकात बाळंतीण, एकात नुसत्या बकऱ्या.
सकाळी त्याची मूठ उघडेना,
हातोडी तशीच धरून जेवायला बसला,
गोसाई मास्तरांच्या बायकोने भरवलं त्याला.

रजिस्टरात त्या तारखेला एवढंच आहे:
गाडी उशिरा.

शेवटच्या गाडीला कोणी हार घातला नाही.
शेवटची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.
मी त्या दिवशी तालुक्याला गेलो होतो,
परतीचं तिकीट अजून माझ्याकडे आहे,
जाड पुठ्ठ्याचं, एका कोपऱ्याला चिमट्याचा दात.

रूळ सरकारने उचलून नेले,
सागाचे स्लीपर गावाने.
आता आमच्याकडे ज्याच्या त्याच्या चौकटीला डांबराचा वास,
कुलकर्ण्यांच्या देवघराला, तशाच रामटेकेंच्या गोठ्याला,
आणि उन्हाळ्यात कपाळ टेकलं
तर काळं चिकटतं.

मोठी लाइन बारा किलोमीटरवरून गेली.
आम्हाला वाटलं, संपलं.

मग खाली धरण झालं
आणि पाणी मागे सरकत आलं,
बरोबर रुळांच्या जागेवरून, तेच वळण घेत;
बाहेरच्या सिग्नलपाशी दोन वर्षं थांबलं,
परवानगी मिळाल्यासारखं पुढे निघालं
आणि प्लॅटफॉर्मला लागलं.
तिकीट न काढता.
गोसाई मास्तर असते तर हटकलं असतं.

आता सिग्नलच्या खांबाला डोंगा बांधून
कवडूची सून सकवार
पार्सल ऑफिसात मासळी विकते.
छत गेलंय, वजनकाटा आहे,
जमिनीत पक्का रोवलेला, कुणाला उपटता आला नाही.
मरळ ठेवली की दांडी हलते, विचार करते,
आणि प्रत्येक वेळी पावशेर कमी दाखवते.

मी म्हटलं, बाई, तुझं नुकसान होतं,
नवा काटा घे.

ती शेपटीला धरून मासा पिशवीत टाकते.
"राहू द्या नं बापू.
तेवढं रेल्वेचं असते."