डाव्या पायाचं

तुळजापूर रोडला, चौथ्या गिअरमध्ये,
काटा साडेपाच हजारांवर चढला
आणि गाडी होती त्याच वेगात राहिली.
मग वास आला,
इस्त्रीखाली विसरलेल्या टॉवेलचा.

क्लच घसरालंय, ताई, दस्तगीर नदाफ म्हणाला.
इंजिनला खुराक दिलात तुम्ही,
याला कोण विचारणार?

अक्कलकोट रोडला त्याची शेड.
आधी इथं बारा माग होते.
फरशीत अजून त्यांच्या बोल्टांची भोकं आहेत,
त्यात गळलेलं ऑइल साचतं.
मे महिना, पत्रा तापून टकटक वाजतोय,
आणि दस्तगीर मोर उसवलेल्या एका चादरीवर
तबकड्या मांडतोय, दागिने मांडावेत तशा.

ही सहा पाकळ्यांची, सिरॅमिक.
चारशे ऐंशीचा टॉर्क हिच्यापुढं काहीच नाही.
धरते ती धरतेच. अधलंमधलं हिला माहीत नाही.
ही केव्हलारची, पिवळी, नाजूक स्वभावाची,
एकदा तापून चकाकली की पुन्हा धरत नाही.
आणि जोडतबकडी आहे, पुण्याहून मागवावी लागेल,
किंमत आत्ता नको विचारू, चहा पी आधी.

मी सिरॅमिककडं बघत होते.
रात्री दीडला, हैदराबाद रोड मोकळा असताना,
मागून येणाऱ्या त्या काळ्या गाडीचा चेहरा
आरशात लहान होत जाताना बघायचा होता मला.
दस्तगीरनं विचारलं,
सात रस्त्याला रोज किती वेळा थांबता?
मोजलं नव्हतं कधी.
आणि शेजारी कोण बसतं?
गुरुवारी नायना. गुडघ्याच्या डॉक्टरकडं.

नायना तोवर गाडीतून उतरून
कोपऱ्यातल्या लाल गाडीपाशी पोचले होते.
तिच्यात सिरॅमिक होतं.
दार उघडून ते आत बसले, आणि वाकून
डाव्या पायातली चप्पल काढली.

अडतीस वर्षं हातमागाच्या पावडीवर
ते अनवाणीच बसले.
तळव्याला कळायला पाहिजे, म्हणायचे,
सूत कुठं ताणलंय, कुठं नाही.
त्यांनी पेडल दाबलं. हळूहळू सोडलं. पुन्हा दाबलं.
कपाळावर घाम.
दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला.

हे धरतंय, नायना म्हणाले,
सोडायचं कुणी शिकवलं नाही याला.

एवढंच. मग बाहेर येऊन गुडघा चोळत बसले
आणि रसवाल्याशी तेलुगूत भांडले, बर्फावरून.

शेवटी मी साधी घेतली. ऑरगॅनिक तबकडी,
मूळ गाडीला असते तशीच,
फक्त मागं दाबपट्टी जबरी.
पेडल थोडं जड होईल, रडायचं नाही, दस्तगीर म्हणाला.
फ्लायव्हील मात्र एकसंध लोखंडाचं टाकावं लागलं;
स्प्रिंगवालं एवढ्या ताकदीला टिकलं नसतं.
उभी असताना खडखडेल. तक्रार आणायची नाही.

आठशे किलोमीटर जोर लावायचा नाही, ही अट.
वीजबिलाच्या पाठीमागं नायना रोज आकडा लिहितात.
आज तीनशे बारा.
काळी गाडी दोनदा भेटली,
दोनदा मी डावीकडून जाऊ दिलं तिला.
जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

सात रस्त्याला सिग्नल लाल.
गाडी न्यूट्रलला. पाय पेडलवरून काढलेला.
खालून खडखड सुरू होते,
एका दमात, न चुकता, धोटा इकडून तिकडं जावा तशी.
नायना बाहेर बघतायत.
त्यांचा डावा अंगठा चपलेत वर-खाली होतोय,
त्यांना ठाऊक नाही.

हिरवा लागतो.
मी क्लच दाबते, खडखड बंद होते,
आणि ते चटकन माझ्याकडं बघतात,
सूत तुटल्यावर बघायचे तसे.