तिसरं पान

विल्नियसहून महिन्याला एक मासिक येतं आमच्या वाचनालयात.
बसचा ड्रायव्हर ते सीटखाली ठेवतो,
म्हणून साहित्याला इथे डिझेलचा वास.

मार्चच्या अंकात साडेचार पानांची एक गोष्ट होती.
लेखक गावचाच. झिग्मास, सुताराचा धाकटा,
त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेला.

गोष्टीत राक्षस नाही.
बंदुका आहेत, पण लांब, पाइनच्या रानात,
आणि त्यांचा आवाज येतो तेव्हा
एक बाई राईचं पीठ मळत असते, डाव्या हातानं.
हात थांबत नाही. एवढंच.
मग ती हात धुते, शेजारच्या घरी जाते,
दार उघडंच असतं,
आणि शिंप्याचं शिवणयंत्र उचलून आणते.
बिडाचं धूड. वाटेत दोनदा टेकवते.
दुसऱ्यांदा टेकवते तेव्हा एक मुलगा येऊन
दुसरी बाजू धरतो.
बाईच्या मनात येतं : गुणी आहे हो पोर.

मग एका परिच्छेदात चाळीस वर्षं जातात.
गावातल्या प्रत्येक नवरीचा झगा
त्याच यंत्रावर.

एप्रिलभर अंक कपाटात परतलाच नाही.
पोस्टातला काझिमिएरस म्हणाला, ही तर पलीकडच्या आळीची गोष्ट.
पलीकडच्या आळीतली बिरूते म्हणाली, नदीपारची.
ज्याला त्याला शेजारी ओळखू आला.
चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
आमच्या गावात तो महिनाभर
कुणाला दिवाच लावावा लागला नाही.

डाव्या हातानं पीठ कोण मळायचं
हे मात्र एकानंही विचारलं नाही.
झिग्मासच्या आईच्या तेराव्या वर्षाची प्रार्थना
नुकतीच झाली होती, सगळे जेवून आले होते.

मी तीस वर्षं पुस्तकं देते-घेते.
जाड कादंबरीत पापाला खुर्ची मिळते,
बालपण मिळतं, थंडी मिळते, भूक मिळते,
पाचशे पानांनी आपणच त्याला चहा विचारतो.
छोट्या गोष्टीत ते उभंच राहतं,
दारात, हातात जड काहीतरी घेऊन,
आणि गोष्ट संपते.
आता ठेवायचं कुठे, ते आपण बघायचं.

मे महिन्यात अंक परत आला. तिसरं पान नव्हतं.
फाडलं नव्हतं, ब्लेडनं कापलं होतं, निगुतीनं,
हाताला शिवणकामाची सवय असावी.
नोंदवहीत शेवटचं नाव कुणाचं, मला ठाऊक आहे.
ते मी इथे लिहिणार नाही. माझंही धैर्य साडेचार पानांचंच.

नियम असा की गहाळ पान हातानं लिहून चिकटवायचं.
काल रात्री बसले. एक ओळही अडली नाही.
यंत्राचं वजन, वाटेतला चिखल,
बाजूला सोनेरी वेल, एका पानाचा टवका उडालेला.
झिग्माससुद्धा एवढं लिहू शकला नव्हता.
त्यानं ऐकलेलं लिहिलं. आईनं मरताना सांगितलं असेल,
आणि पोरीचा मुलगा केला असेल,
तिनं, किंवा त्यानं. दया म्हणून, की विसरून,
हे मी त्याला पत्रानं विचारणार नाही.

मी आठ वर्षांची होते.
मजुरी म्हणून मला खणातलं एक अंगुस्तान मिळालं,
लहान मापाचं. ते फ्राइडाचं.
ती वर्गात माझ्या डावीकडे बसायची,
माझा रबर वापरायची आणि न सांगता परत ठेवायची.
गोष्टीत तिला नाव नाही. गोष्टीत ती नाहीच.

'मुलगा' या शब्दापाशी पेन बराच वेळ थांबलं.
मग मी 'मुलगी' लिहिलं.
पुढच्या सगळ्या क्रियापदांना
एकेक करून बदलावं लागलं :
आली. वाकली. धरलं तिनं.

गोंद अजून ओला आहे.
सकाळी नऊला वाचनालय उघडतं.