सोमवारी ये

रेग्वा गावच्या उतारावर माझं दुकान.
खाली दोरू नदी, वर टप्प्याटप्प्यानं द्राक्षांचे मळे.
लोक मोटारसायकलवरून पडतात
आणि माझ्याकडे कातडं शिवायला आणतात,
स्वतःचं नव्हे, गाईचं.
मी जाकीट टेबलावर पालथं घालते,
बोट फिरवत सांगते :
डावीकडे घसरलास. आधी खांदा टेकला, मग कोपर.
हात पुढे नाही केलास, शहाणा.
ते म्हणतात, देओलिंदा, तू काय तिथं होतीस?
अरे, डांबर लिहितं.
मला वाचता येतं, एवढंच.

दुहेरी शिवण तग धरते, एकेरी उसवते.
कोपरातली गादी तडकलेली असते,
हाडाच्या वाटणीचं तिनं खाल्लेलं.
दिखाऊ जाकिटं हाताला पापडासारखी लागतात.
ती एकदा फाटली की दुरुस्तीला येत नाहीत.

जुलैत दरीची भट्टी होते.
तेव्हा पोरं बनियनवर हिंडतात, पायांत सपाता,
हेल्मेट आरशाला लोंबतंय, डूल घातल्यासारखं.
मी दारातून ओरडते.
तीही हात हलवतात, गोड हसून.

वाल्देमार तसा नव्हता.
चेन अर्ध्यात अडकते म्हणून जाकीट घेऊन आला.
बारीक काम, तासाभराचं.
गुरुवारी देते म्हणाले.
गुरुवारी बहिणीकडे सार्डिन भाजायचे होते.
शुक्रवारी म्हणाले, दोरा संपला.
दोरा संपला नव्हता.
सोमवारी ये.
"रविवारी पिन्यांवला जायचंय सगळ्यांना."
मग दुसरं काही घाल.
"घालतो काहीतरी."

काहीतरी म्हणजे निळा सुती सदरा.
वळणावर कुणाच्या ट्रॅक्टरची माती सांडलेली.
हेल्मेट होतं, म्हणून तो आपल्या आईला ओळखतो.
पाठीचं मी सांगत नाही.
मांडीचं कातडं काढून पाठीला लावलं, चार वेळा.
मी आयुष्यभर ठिगळं लावली,
पण हे ऐकताना
सुई कुठं ठेवली तेच आठवेना.

सप्टेंबरात त्याची बहीण ग्रासा आली, पावती घेऊन.
सात युरो टेबलावर ठेवले.
मी नको म्हणाले, तिनं ऐकलं नाही.
चेन वर केली, खाली केली, पुन्हा वर.
"छान चालते," म्हणाली.
तिच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि तेच मोठं होतं.
"राहू दे इथंच. त्याचा हात आता बाहीत वळत नाही."

तेव्हापासून दाराशी एक दांडी आहे.
न नेलेली, सोडून दिलेली, शिवून धड केलेली जाकिटं.
काम होईपर्यंत यातलं घाल, म्हणते,
पैसे नकोत, नाव नको.
पंधरा नेली, अकरा परत आली.
चार कुठं असतील, मी विचारत नाही,
कुणाच्या तरी अंगावर असोत.

वाल्देमारचं कडेला टांगलंय.
दोनदा कुणीतरी हात घातला.
दोनदा मी म्हणाले,
ते नको रे, तुला मोठं होईल.