कंपासविना वर्तुळ

लातुरात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.
रेल्वेनं पाणी आलं त्या साली
आमच्या गल्लीत टाक्यांना कुलपं होती,
तरी दारात आलेल्याला अर्धा पेला मिळायचा.
म्हणून मला आधी खटकली ती बाटली,
स्टीलची, निळ्या झाकणाची,
बिरादार सरांची.
स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या बाटल्या सगळ्यांच्या.
ती एकटीच सोवळ्यात.

क्लासच्या फ्लेक्सवर सर दोन मजले उंच.
औराद, देवणी, पार किनवटहून आईबाप येतात,
पोराचा हात सरांच्या हातात देतात.
पंधरा वर्षांत एक तास बुडवला नाही.
आईला माती देऊन आले त्या दिवशीही
संध्याकाळची बॅच घेतली.
देवमाणूस, म्हणतात सगळे.
मीही म्हणते.

पण फळा मी पुसते.
सकाळी सातच्या तासाची अक्षरं
काडीनं उसकवलेल्या मुंग्यांसारखी.
साडेअकरानंतरचा फळा पुसवत नाही,
इतकी सरळ रेघ,
इतकं गोल, कंपासविना काढलेलं वर्तुळ.
लोकांचा हात पिऊन थरथरतो.
यांचा पिऊन थांबतो.

माझा बाप गंजगोलाईत हातगाड्यांखाली सापडायचा.
त्याचं सगळं उघड्यावर, उलटी, शिव्या, फाटका सदरा.
एकच गोष्ट त्याची झाकलेली होती,
पहिला घोट उतरला की
डोळे मिटून घ्यायचा क्षणभर,
डोक्यावरचा भारा टाकून कुणी बांधाला टेकावं तसा.
ते मिटलेले डोळे
मी सरांच्या चेहऱ्यावर पाहिले,
हजेरीपट आणायला गेले तेव्हा.
बापाला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती
आणि तो तिथं बसला होता
इस्त्रीच्या शर्टात.

मग जुळत गेलं.
खिशातली वेलची.
कुठल्याही लग्नातून न जेवता निघणं.
बाईंचा रोजचा फोन, "सर निघाले का गं?"
निघाले म्हटल्यावर
पलीकडून काहीच नाही, नुसता श्वास.
घरी त्याही फळाच पुसत असणार.

एप्रिलात अहमदपूरची एक पोर
चक्कर येऊन बाकाखाली गेली.
कुणीतरी हाताला लागली ती बाटली
तिच्या तोंडाशी नेली.
सर असे झेपावले
की खडूचा डबा खाली सांडला.
"शिळं आहे ते पाणी," म्हणाले.
नव्वद पोरं. पंखा फिरत होता.
कुणाला काही वाटलं नाही.
किती काळजी घेतात सर, म्हणाली एक.

संध्याकाळी क्लास रिकामा झाला.
बाटली दुपारपासून गाडीच्या डिकीत होती.
मी माठातलं पाणी पेल्यात घेतलं,
त्यांच्यासमोर ठेवलं.
"कामून?" त्यांनी विचारलं. गावाकडचा शब्द,
वर्गात कधीच न येणारा.
"माझा बाप प्यायचा, सर."
एवढंच म्हणाले.
रागावतील वाटलं. काढून टाकतील.
पेल्याकडे बघत राहिले बराच वेळ.
"गेला तेव्हा केवढा होता?"
"तुमच्याएवढा."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला,
घागरी आपटत बायका धावल्या.
माझाही नंबर होता.
सरांनी पेला उचलायला दोन्ही हात लावले
तरी टेबलावर पाणी सांडत होतं,
हजेरीपटावर, त्यांच्या बाहीवर,
आणि मी, लातूरची बाई,
सांडू दिलं.