तोलार शनी बघतो

हरिपूरच्या शाळेच्या गच्चीवर
आवटी बाईंनी दुर्बीण लावली होती.
रांगेत पोरं, आणि मधेच मी,
अंगाला दिवसभराच्या हळदीचा वास.

एक डोळा मिटला.
आधी अंधार, मग माझ्याच पापण्या,
मग तो.
एवढासा. मोडलेल्या हळकुंडासारखा पिवळट,
भोवती कडं, कुठंही न टेकलेलं.
चिकटवलंय काय बाई भिंगावर?
पोरं हसली.

सवयीनं तोंडातून गेलं : वजन?
पंच्याण्णव पृथ्व्या, बाई म्हणाल्या.
मी मान हलवली. आकड्यांचं मला काही वाटत नाही,
चाळीस वर्षं यार्डात तेच ओरडलोय.
‘पण पाण्यात टाकला, तर तरंगेल.’

इथं मात्र मी डोळा काढला.

बाई, आम्हाला तरंगण्याचं सांगू नका.
पुरात पेवं ढासळली, तेव्हा मी इथंच होतो.
संगमापर्यंत पाणी पिवळं.
वर आल्या त्या चपला, रिकामे डबे, एक पाळणा.
भरलेलं होतं ते बुडालं.
एवढाच माझा हिशोब.

त्या म्हणाल्या, मामा, तो बहुतेक वायूच आहे,
उभं राहायला जमीनच नाही.
आणि कडं म्हणजे बर्फाचा चुरा,
काही मोहरीएवढा, काही घराएवढा.
रुंदी लाखांत,
जाडी आपल्या शाळेएवढी, जेमतेम.

चंद्र?
पावणेतीनशेच्या घरात. अजून मोजतायत.
मोजतायत म्हटल्यावर बरं वाटलं.
एकावर पाऊस पडतो, पण पाण्याचा नाही.
एक इवलासा, बर्फाच्या भेगांतून
चिळकांड्या उडवतो,
त्याच्या सांडलवंडीतून एक अख्खं कडं झालंय.
आमच्याकडं सांडलं की तूट धरतात.

एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची.
मी एकोणसाठचा.
पहिल्या फेरीत आईनं दर शनिवारी तेल घातलं,
दुसरीत मी.
त्याच्यापर्यंत थेंबही गेला नसणार,
आणि त्याला ठाऊकही नसणार
की कुणी हरिपुरात त्याला भ्यायलंय.

पुन्हा डोळा लावला. सरकला होता.
बाई म्हणाल्या, तो नाही, आपण सरकलो.

मग त्यांनी भिंगाकडं बघितलं.
मामा, पिवळा डाग पडला की हो.
पुसायला मी शर्टाचं टोक काढलं,
तर ते त्याहून पिवळं.
मागचं पोरगं घाईला आलेलं,
ते तसंच वाकलं, आणि ओरडलं,
‘केवढा पिवळा आहे!’