सळई

अनुकंपा तत्त्वावर मला मिळाली बाबांची नोकरी,
त्यांच्या चपलांसारखीच,
दोन नंबर मोठी.

पाणीखातं. गळती शोध पथक. रात्रपाळी.
आईने पत्र देवापुढे ठेवलं, साखर ठेवली.
मी त्याच आठवड्यात लिपिकपदासाठी बदलीचा अर्ज
लिहून पर्समध्ये ठेवला.
पंखा, टेबल, चार वाजताचा चहा.
एम.ए. झालेल्या मुलीला आणखी काय हवं असतं.

पहिल्या रात्री परकारचाचांनी हातात दिली
माझ्याहून उंच लोखंडी सळई,
वरच्या टोकाला कानाएवढी पितळी चकती.
"टेकव रस्त्यावर. कान लाव."
मला माझंच रक्त ऐकू आलं,
लांब गोदीकडे वळणारा एक ट्रक,
आणि उमरखाडीचं एक कुत्रं.
"काही नाही, चाचा."
"काही नाही कसं? शंभर वर्षांचा बिडाचा पाइप आहे खाली.
शंभर वर्षांचं माणूस कधी गप्प बसतं?"

सहा महिने मी नुसती मान हलवली,
बघायला आलेल्या मंडळींपुढे हलवते तशी.

मग एका पहाटे, का कुणास ठाऊक,
वेगळं झालं एकेक.
भरून वाहणारं पाणी घुमतं,
अर्धवट उघडी चावी खाकरते,
सोडावाल्याचा फ्रिज तर हमखास फसवतो.
आणि गळती :
चटका बसल्यावर दातांतून आत ओढलेला श्वास.
तसाच. पण न संपणारा.

मे महिन्यात चाचा रिटायर झाले.
जाताना सळईला तेल लावून गेले.

घेलाभाई बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरची जुबेदाबी
रोज साडेचारला रिकामी बादली घेऊन खाली यायची
आणि ती मला दाखवायची, आतून.
"आठ महिने. नळाला फक्त हवा.
हवा भरून ठेवू का पिंपात?"

अकरा रात्री मी ती गल्ली ऐकली.
बाराव्या रात्री, बंद लाँड्रीच्या पायरीपासून सात पावलांवर,
तो श्वास.
पुन्हा टेकवली. पुन्हा तोच.
विचारायला मागे वळले, मागे कुणी नव्हतं.
खडूने फुली मारली. हात थरथरला, फुली वाकडी आली.

चार फूट खणलं. कोरडी माती.
मुकादम माझ्याकडे न बघता तंबाखू मळू लागला.
"अजून एक हात," मी म्हटलं,
आवाज बाबांसारखा निघाला, कोरडा.
अजून एक हात. माती काळी झाली,
मग चिखल, मग हरभऱ्याएवढं एक भोक
आणि त्यातून ताठ उभी राहिलेली धार.
बाटलीत पाणी धरलं, औषधाचे थेंब टाकले.
पिवळं झालं.
गटाराचं नव्हे. आपलं.
तानसावरून इतकं लांब चालत आलेलं,
आणि दारात येऊन मातीत जाणारं.

दुसऱ्या पहाटे जुबेदाबी खाली आली, तरातरा.
"कसला जोर दिलाय! वॉशर उडाला माझा!"
ओढणी ओली, चेहरा ओला.
मी इतकी हसले
की मुकादमाला वाटलं, मला काहीतरी झालं.

अर्ज अजून पर्समध्ये आहे.
घाईत त्याच्याच पाठीवर काढला मी त्या गल्लीचा नकाशा,
त्यामुळे आता तो देताही येत नाही.

बाबा घरी आले की म्हणायचे, टीव्ही बारीक करा.
कुकरची शिट्टीही त्यांना खपायची नाही.
आम्ही त्यांना तिरसट म्हणायचो.
सव्वीस वर्षं माणूस
कान तसाच उघडा ठेवून घरी यायचा,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

काल आई मालिका बघत होती.
मी चपला काढता काढता म्हटलं, "जरा बारीक कर गं."
तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि टीव्ही बंदच केला.